साडीतला फोटो, माझा नंबर आणि "यात अश्लील काय आहे?"

मी ब्लाउज शिवते. आरी वर्क, डिझायनर गळे, फॉल-पिको, सगळं करते. आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रात, तालुक्याचं ठिकाण नाही पण बाजारपेठ मोठी, लग्नसराईत आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका आमच्याकडेच येतात. लॉकडाऊननंतर फोटोंच्या एका ॲपवर दुकानाचं पेज काढलं. शिवलेले ब्लाउज मीच घालून फोटो टाकायचे, मॉडेल कुठून आणणार, आणि वर व्हॉट्सॲपचा नंबर. हळूहळू पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी यायला लागल्या, मापाचा ब्लाउज कुरिअरने यायचा, शिवून कुरिअरने जायचा. हे आधीच सांगून टाकते कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, की ताई तुम्ही नंबर कशाला टाकला होता. धंदा आहे म्हणून टाकला होता. दुकानाच्या पाटीवर पण तोच नंबर आहे.

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर फोन सुरू झाले. पहिल्या माणसाने विचारलं रेट काय, मी म्हटलं साधा अडीचशे, अस्तरचा साडेचारशे, वर्क असेल तर डिझाइन बघून सांगते. तो हसला आणि मग जे बोलला ते इथे लिहित नाही. मी फोन ठेवला, मनात म्हटलं असेल कोणतरी पिऊन. रात्री परत तसलेच फोन, वेगवेगळ्या नंबरवरून, मराठीतून, हिंदीतून, एकजण तर गाडी घेऊन स्टँडवर येऊन थांबलो म्हणाला, कुठे येऊ सांग. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, त्यांची रात्रपाळी होती, घरात मी, सासूबाई आणि मुलगी. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या त्यामुळे फोन बंद पण ठेवता येईना, अनोळखी नंबर उचलला नाही तर गिऱ्हाईक जातं आणि उचलला तर ते ऐकावं लागतं.

शेवटी एका पोराने फोन केला, आवाजावरून कॉलेजचा वाटला, मी रडायलाच लागले तर तो घाबरला आणि म्हणाला ताई तुमचा नंबर एका साइटवर आहे, मी लिंक पाठवतो, काढून टाका. ती लिंक मी आणि नणंदेने मिळून उघडली. एस्कॉर्टच्या जाहिरातींची साइट, त्यात माझा फोटो. हिरवी काठपदराची साडी, पाठमोरी उभी आहे आणि मान वळवून बघतेय, पाठीमागचा गळा दिसावा म्हणून तसा काढला होता, आमच्या पेजवर सगळ्यात जास्त चाललेलं डिझाइन. फोटोखाली माझं नाव, गावाचं नाव, नंबर, रेट, आणि तीन-चार ओळी अशा की नणंदेने फोन उलटा करून ठेवला. शिवाय फोटोंच्या ॲपवर माझ्याच नावाचं दुसरं खातं, त्यात माझेच फोटो आणि तीच भाषा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर, नणंद आणि मी पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदारांनी फोटो बघितला, वर-खाली केला, आणि म्हणाले, "ताई, यात अश्लील काय आहे? पूर्ण साडीत आहात की तुम्ही." ते वाईट हेतूने बोलले असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं की गुन्हा कशात बसवायचा. नग्न फोटो नाही, मॉर्फ केलेला नाही, व्हिडिओ नाही, पैसे गेलेले नाहीत. मग म्हणाले नंबर बदला ना, कटकटच नको. तक्रार अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि चौकशी करतो म्हणाले. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही, मी पोच घेऊन घरी आले आणि आता काहीतरी होईल म्हणून वाट बघत बसले. फोन चालूच.

मग नणंदेच्या ओळखीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक वकील मॅडम भेटल्या. ही गोष्ट फार कमी बायकांना माहिती आहे म्हणून लिहिते, १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, तुमचं घर बंगल्याचं असो की पत्र्याचं. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. वकील मॅडमनी माझ्यासमोर एकेक कलम उलगडून दाखवलं आणि तेव्हा मला कळलं की अंमलदारांचा प्रश्न हा त्यांच्या एकट्याचा नव्हताच, कायदाच तो प्रश्न विचारतो.

आयटी ॲक्ट, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, त्याचं ६६ई आहे, खाजगीपणाच्या भंगाचं, पण ते शरीराच्या खाजगी भागाच्या फोटोपुरतं. माझा फोटो साडीतला. भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, जुन्या आयपीसीच्या जागी आलेली, तिच्यातलं ७७ हे चोरून बघण्याचं किंवा चोरून फोटो काढण्याचं, माझा फोटो मीच काढून घेतला होता. ७८ म्हणजे पाठलाग, जुनं ३५४ड, त्यात ऑनलाइन पाठलाग पण येतो, पण बाईने नको सांगितलं तरी पुन्हा पुन्हा संपर्क करणारा किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणारा माणूस लागतो. ज्याने जाहिरात टाकली त्याने मला एकदाही फोन केला नव्हता. ज्यांनी फोन केले त्यातल्या बहुतेकांनी एकदाच केला. म्हणजे माझ्या मागे शेकडो माणसं लागलेली आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारा पाठलाग करणारा एकही नाही! ६६सी ओळखचोरीचं, त्यात पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा "ओळख पटवणारी विशेष खूण" असं लिहिलंय, मग माणसाचा चेहरा आणि मोबाईल नंबर ही अशी खूण धरायची का यावरच वाद. ६६डी तोतयेगिरी करून फसवणूक, तर पोलीस विचारणार फसवलं कुणाला? जो फोन करतोय त्याला फसवलं. म्हणजे त्या कलमात फिर्यादी शोभतो तो फोन करणारा, मी नाही.

मी मॅडमना म्हटलं, म्हणजे ह्यांना फोटो किती घाण आहे ते मोजायचंय, मी हो म्हटलं होतं का ते कुठेच विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या बरोबर, आपल्याकडचा कायदा अश्लीलतेभोवती लिहिलाय, संमतीभोवती नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, पण बाईचा फोटो आणि नंबर तिच्या मर्जीविरुद्ध अशा ठिकाणी टाकणं हा सरळ, स्वतंत्र गुन्हा म्हणून कुठल्याच कायद्यात अजून लिहिलेला नाही. डीपफेकचं पण तसंच, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ फिरला तेव्हा सगळा देश बोलला, तरी गुन्हा ह्याच जुन्या कलमांची गोळाबेरीज करून नोंदवावा लागला.

पण मॅडमनी एक निकाल काढून दिला ज्याने माझं पुढचं सगळं उभं राहिलं. दिल्ली हायकोर्ट, एप्रिल २०२१. एका मुलीचे सोशल मीडियावरचे साधे फोटो उचलून कुणीतरी पॉर्न साइटवर टाकले होते. कोर्टाने म्हटलं की फोटो स्वतः आक्षेपार्ह नसला तरी संमतीशिवाय तो अशा साइटवर, अशा मजकुरासोबत टाकणं हे आयटी ॲक्टच्या ६७ खाली, म्हणजे ऑनलाइन अश्लील मजकुराच्या कलमाखाली, गुन्हा होऊ शकतं. त्याची प्रिंट काढून मी पर्समध्ये ठेवली, इतक्यांदा घडी घातली की कागद मधोमध फाटला, मग सेलोटेप लावली. जिथे जिथे कुणी "यात अश्लील काय" म्हणालं तिथे तो कागद पुढे केला.

मध्यंतरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार टाकली होती. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन, त्यात महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, स्क्रीनशॉट चढवता येतात, नंबर मिळतो. पण त्याने एफआयआर होत नाही, तक्रार राज्याकडे, तिथून जिल्ह्याकडे आणि माझ्या बाबतीत जिल्ह्याकडून परत आमच्याच पोलीस स्टेशनच्या टेबलावर आली. १९३० हा जो नंबर सगळीकडे लिहिलेला असतो तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, पैसे गोठवायला. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात गेले तेव्हा बाकावर सगळी पैसे गेलेली माणसं, कुणाचं पेन्शन गेलं, कुणाला डिजिटल अरेस्ट केलेलं, एक निवृत्त गुरुजी नुसते जमिनीकडे बघत बसलेले. त्यांचं दुःख खोटं नाही. पण आकडे बघा, एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था, तिच्याप्रमाणे २०२२ मध्ये देशात ६५ हजार ८९३ सायबर गुन्हे, २०२३ मध्ये ८६ हजार ४२०, आणि त्यातल्या जवळपास ७० टक्क्यांमागे हेतू फसवणुकीचा. सगळी यंत्रणा पैशाच्या मागे धावतेय. मला पहिला प्रश्न विचारला गेला की अमाउंट किती. अमाउंट नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं गेलं.

आणखी एक अडचण कुणी लक्षातच घेत नाही. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याने करायचा. आमच्या पोलीस स्टेशनला प्रभारीच एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक, निरीक्षकाच्या एक पायरी खाली, आणि ग्रामीण भागात अशी पोलीस स्टेशनं भरपूर आहेत. म्हणजे आयटी ॲक्ट लावला की तपास वर्ग करायचा, कागद हलवायचे, मग त्यापेक्षा तो न लावलेलाच बरा, किंवा अर्ज चौकशीवर ठेवलेला बरा. बीएनएसएस, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता, त्या नवीन कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते डीवायएसपींच्या परवानगीने, माझ्या अर्जाला तसली परवानगी वगैरे काही नव्हती, नुसता पडून होता.

शेवटी बीएनएसएस १७३(४) प्रमाणे एसपींना लेखी अर्ज, रजिस्टर पोस्टाने. त्यात मॅडमनी तीन गोष्टी ठळक लिहिल्या, की गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असा, दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो असं सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ लाच सांगितलंय, आणि एफआयआर घेतला नाही तर आम्ही मॅजिस्ट्रेटकडे जातोय. एसपी ऑफिसमधून फोन गेला असावा कारण मग मलाच बोलावणं आलं. बीएनएसचं कलम ७९ लावलं, म्हणजे स्त्रीच्या लज्जेला धक्का, ते असलं की जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. ज्या महिला हवालदार मॅडमनी जबाब घेतला त्यांनी दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या जाहिरातीत जे शब्द आहेत तेच लिहायचे, सभ्य करून लिहू नका, कोर्टात तेच लागतं. मी एकेक शब्द सांगितला. माझ्या अंगाबद्दल कुणीतरी लिहिलेले ते शब्द माझ्याच तोंडून बोलताना घसा कोरडा पडत होता, त्या हळूहळू लिहीत होत्या आणि प्रत्येक वाक्यानंतर वाचून दाखवत होत्या. सगळ्या प्रवासात मला माणसासारखं वागवणाऱ्या ज्या थोड्या व्यक्ती भेटल्या त्यात त्या पहिल्या.

एफआयआरला बीएनएसचं ७९ आणि ३३६(४), म्हणजे बदनामीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद, आणि आयटी ॲक्टचं ६६सी, ६६डी, ६७ लागलं. पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला सगळ्यांची शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, सगळी जामीनपात्र.

साइटवरून काढायचं काम पोलिसांची वाट न बघता आम्ही स्वतः सुरू केलं होतं, त्यात जे कामाला आलं ते नीट सांगते. फोटोंच्या ॲपवर साधा रिपोर्ट केला तर उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, कारण फोटो साडीतला, इथे पण तेच! मग कळलं की आयटी नियम २०२१ मध्ये नियम ३(२)(बी) आहे. नग्न किंवा लैंगिक फोटोच नाही, तर एखाद्या माणसाची तोतयेगिरी करणारा मजकूर पण, मॉर्फ केलेले फोटो धरून, त्या माणसाने किंवा त्याच्या वतीने कुणी तक्रार केल्यापासून त्या वेळी २४ तासांत काढायचा होता, २०२६ पासून ही मुदत त्याहूनही कमी झाली. म्हणून परत रिपोर्टचं बटण न दाबता त्यांच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, विषयातच नियमाचा नंबर, खात्याची लिंक, आधार कार्डाचा फक्त नाव-फोटो दिसेल असा भाग, आणि "हे खाते माझी तोतयेगिरी करत आहे" हे एक सरळ वाक्य. खातं गेलं. तुमचा मेल पण फेटाळला तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. आणि ज्यांचे खरंच खाजगी फोटो-व्हिडिओ आहेत त्यांच्यासाठी स्टॉपएनसीआयआय म्हणून सोय आहे, त्यात फोटो कुणाकडे पाठवायचा नसतो, तुमच्याच फोनवर त्याचा हॅश, म्हणजे फोटोच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, बनतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो हॅश जुळवून फोटो अडवतात. १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, सगळी ॲप्स त्यात नाहीत, पण आहे ते वापरावं.

जाहिरातीची साइट मात्र बाहेरच्या देशातली. तक्रार अधिकारी नाही, पत्ता नाही, मालक कोण ते लपवलेलं, मेल केला तर उत्तर शून्य. आयटी ॲक्टचं कलम ७५ म्हणतं की भारतातल्या कॉम्प्युटरशी संबंध असेल तर गुन्हा कुठूनही केला तरी कायदा लागू. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात तिकडच्या कंपनीकडून माहिती काढायला सरकारांमधला पत्रव्यवहार लागतो, सायबर गुन्ह्यांच्या बुडापेस्ट करारात भारत नाही, आणि तालुक्यातल्या शिंपिणीच्या केससाठी तेवढी यातायात कोण करणार. साइट ब्लॉक करा म्हटलं तर ६९अ मध्ये ब्लॉक करण्याची कारणं देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशी आहेत, एका बाईची अब्रू किंवा खाजगीपणा हे त्या यादीत कारणच नाही. ते वाचून मला जेवढा राग आला तेवढा त्या फोन करणाऱ्यांचा पण आला नव्हता. मग निदान गुगलच्या सर्चमधून तरी जावं म्हणून त्यांचा फॉर्म भरला, खाजगी फोन नंबर सर्चमध्ये दिसत असेल तर काढण्यासाठी तो २०२२ पासून आहे, त्याने सर्चमधून निकाल गेला आणि फोन लक्षात येण्याएवढे कमी झाले. पान तिथेच होतं, फक्त शोधायला अवघड झालं.

पुराव्याचं पण ऐका. तपास अधिकारी म्हणाले फोन जमा करा, मुद्देमाल म्हणून. तो फोन म्हणजे माझं दुकान. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात, ट्रायलला येऊन गेलेल्या बायकांचे फोटो त्यात, घरचे फोटो त्यात. आरोपीचा फोन जप्त व्हायच्या आधी माझा जप्त होणार होता आणि परत कधी मिळेल याला कुणाकडे उत्तर नव्हतं. वकील मॅडमनी अर्ज दिला की पंचांसमोर लागेल तेवढाच डेटा काढून घ्या, हॅश व्हॅल्यू नोंदवा आणि फोन परत द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जुनं ६५ब, त्याचं सर्टिफिकेट जोडलं की प्रिंट आणि कॉपी पुरावा म्हणून चालते, फक्त नवीन फॉर्मला दोन भाग आहेत, एक आपण भरायचा आणि एक तज्ज्ञाने. त्या तज्ज्ञाच्या सहीसाठी थांबावं लागलं पण फोन संध्याकाळी माझ्या हातात होता. कुणी तुम्हाला म्हणालं की सगळं डिलीट करून टाका, लाजेने करू नका, आणि नुसता फोटो कापून स्क्रीनशॉट घेऊ नका, वरची लिंक, तारीख, वेळ दिसेल असा घ्या.

माणूस सापडला. फोटोंच्या ॲपकडून आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, आले पण ते मोबाईल कंपनीचे, एका आयपीवर एका वेळी कितीतरी लोक असतात, त्यामुळे नुसत्या आयपीवर भागलं नाही, खात्याला जोडलेल्या रिकव्हरी नंबरवरून सुगावा लागला. ज्यांच्या गाळ्यात माझं दुकान होतं त्यांच्याकडे माझा भाडेकरार संपायचा होता आणि त्या मालकांच्या घरातल्याच एकाला, म्हणजे ह्याच माणसाला, तो गाळा हवा होता, मी मुदतीआधी सोडत नव्हते. त्याला बोलावलं, सात वर्षांच्या आतली शिक्षा म्हणून अटक नाही, बीएनएसएस ३५(३) ची नोटीस दिली, म्हणजे जुनी ४१अ ची, फोन जमा करून घेतला आणि तो घरी गेला. मी पोलीस स्टेशनच्या दारात असतानाच तो माझ्या समोरून गाडीला किक मारून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला होता.

मी विचारलं त्याला माझ्या दुकानाच्या आसपास फिरकू नको असं सांगणारा काही आदेश मिळतो का. नवरा किंवा घरातला कुणी असता तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण आदेश मागता आला असता. बाहेरच्या माणसासाठी तसला सोपा रस्ताच नाही. मग पोलिसांनी चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, केली, तहसील ऑफिसला बाँड लिहून घेतला, शांतता राखीन म्हणून. तेवढ्यावर भागवा म्हणाले.

आणि मग नावाचं. एफआयआर झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावातल्या एका व्हॉट्सॲप बातम्यांच्या ग्रुपवर पोस्ट आली, नाव नव्हतं पण "अमुक पेठेत ब्लाउज शिवणारी विवाहित महिला" असं होतं. त्या पेठेत ब्लाउज शिवणारी मी एकटी! ज्यांना काहीच माहिती नव्हतं त्यांना पण त्या दिवशी कळलं, आणि कळलं ते पण अर्धवट, दोन गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेलं कापड परत नेलं. मॅडम म्हणाल्या पीडितेची ओळख उघड करण्याला बंदी आहे ती न्याय संहितेच्या ७२ मध्ये, पण ती ६४ ते ७१ या कलमांपुरती, म्हणजे बलात्कार वगैरे. इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआडच्या, सुनावणीचं पण तेच. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा हे ठरवताना त्याच संसदेला ७९ कलम आठवलं, मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाच्या यादीत पण ते आहे, मग नाव लपवायच्या यादीत का नाही? हे मी जिथे जाईन तिथे विचारते. ऑनलाइन बदनामीत तर नाव हाच जखमेचा भाग असतो.

भरपाईचं विचारलं तर राज्याची मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यासाठी. दिवाळीचा सीझन गेला त्याचं काय ते माझं मी बघायचं. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं होतं, त्यात बाईला सोशल मीडियावरून किंवा कुठल्याही डिजिटल माध्यमातून त्रास देण्याचं वेगळं कलम होतं. फाशीच्या तरतुदींवरून त्या विधेयकावर बरेच आक्षेप होते आणि ते मला पटतात पण, पण हे एक कलम तरी वेगळं काढून आणायला काय हरकत होती? राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही आणि सगळंच राहून गेलं.

दोषारोपपत्र गेलंय. आरोपीचा फोन फॉरेन्सिक लॅबमध्ये, अहवाल आला की पुरवणी दोषारोपपत्र जाईल. मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब झालाय, आता तारखा पडतात. मुंबईत २००९ मध्ये एकाने ऑफिसमधल्या सहकारी बाईला अश्लील मेल पाठवले होते, त्याला शिक्षा लागायला २०१५ उजाडलं, हे मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलंय म्हणजे मी मनाची तयारी ठेवीन. गाळा मी सोडला नाही, करार संपेपर्यंत भाडं भरलं आणि मग चार दुकानं पलीकडे माझ्या मर्जीने घेतला. नंबर तोच आहे, पेजवर फोटो अजूनही मीच टाकते, फक्त आता प्रत्येक फोटोवर मधोमध दुकानाचं नाव छापते.

मागच्या महिन्यात त्याच हिरव्या साडीतल्या फोटोची जाहिरात दुसऱ्या एका साइटवर निघाली, बहुतेक पहिल्या साइटवरून कुणीतरी आपोआप उचललेली. एकदा वर गेलेलं असं कुठून कुठे जातं त्याला धरबंध नाही, २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका वकील बाईंचे खाजगी व्हिडिओ ४८ तासांत काढा म्हणून केंद्राला सांगितलं तरी ते परत परत दुसरीकडे निघतच होते. तपास अधिकारी म्हणाले हे त्याच आरोपीने केलं असं दिसत नाही, मग याला नवीन गुन्हा म्हणायचा की जुन्याचाच भाग, बघावं लागेल. मी म्हटलं तुम्ही बघा, माझा पुरवणी जबाब आत्ता लिहून घ्या आणि पोच द्या. त्याच हवालदार मॅडमनी लिहून घेतला. त्याच्यासोबत वकील मॅडमचा आणखी एक अर्ज कोर्टात दिलाय, की सगळ्या कागदांवर माझ्या नावाऐवजी नुसतं "फिर्यादी" लिहावं. त्यावर पुढच्या तारखेला ऐकतील.